‘न्वार’च्या डीव्हीडी मागवताय? आधी प्लेअर, मग डिस्क

‘न्वार’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका बघायचीय, स्ट्रीमिंगवर आज आहे तर उद्या नाही, म्हणून डिस्कच घेऊन टाकू असं ठरवणारे बरेच जण आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. आधी डिस्क येते, मग कळतं घरचा प्लेअर ती घेतच नाही, मग कोणीतरी सांगतं लॅपटॉपमध्ये टाक, मग लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन (डिस्क कुठल्या देशांत चालायची त्याचं कुलूप) इकडून तिकडे करून होतो, आणि तोवर विक्रेत्याची परत घ्यायची मुदत संपलेली असते. मग पाचव्या डिस्कवर ओरखडा आहे हे दीड महिन्याने कळून काय उपयोग.

मालिका किती भारी आहे यावर इथे एक ओळ नाही. कुठली आवृत्ती घ्यायची, कशावर लावायची, आल्यावर काय तपासायचं आणि मग नीट कशी बघायची, एवढंच. क्रम दिलाय तो पाळा, कारण गडबड होते ती क्रम चुकल्यानेच.

यातलं बहुतेक सगळं ‘मॅडलॅक्स’ (२००४) आणि ‘एल काझादोर दे ला ब्रुहा’ (२००७) यांनाही लागू आहे. त्याही बी ट्रेन स्टुडिओच्या, दिग्दर्शक तेच कोइची माशिमो, बंदूकवाल्या मुलींच्या, आणि दोन्ही २६-२६ भागांच्या. एकीसाठी केलेली तयारी तिन्हींना पुरते.

१. पैसे काढायच्या आधी: कुठली आवृत्ती आहे ते ओळखा

‘न्वार’ २००१ साली एप्रिल ते सप्टेंबर टीव्ही टोकियोवर लागली, २६ भाग. आपल्या हाताला लागू शकतात अशा डिस्क मोठ्या अंदाजाने तीन जातींच्या.

पहिली अमेरिकन डीव्हीडी. ही २००३ मध्ये एडीव्ही फिल्म्स या वितरक कंपनीने सुट्या सात व्हॉल्यूममध्ये काढली, पुढे अख्खी मालिका एका बॉक्समध्येही आली, आणि एडीव्ही बंद पडल्यावर हक्क फ्युनिमेशन या दुसऱ्या वितरकाकडे गेले तेव्हा त्यांनीही काढली. रीजन १, एनटीएससी (म्हणजे काय ते खाली सांगतो). जपानी आवाज, इंग्रजी डब, इंग्रजी सबटायटल असा सगळा ऐवज. आपल्यातल्या नव्वद टक्के लोकांनी हीच घ्यावी.

दुसरी ब्रिटिश डीव्हीडी. रीजन २, पाल. लंडनला बहीण किंवा मावसभाऊ असेल तर स्वस्तात हाती येते, पण जपानचं मूळ एनटीएससी चित्र पालमध्ये ओढलेलं असतं, त्यामुळे चित्राला कधीकधी सावलीसारखी दुसरी किनार दिसते. मला ती खटकते, काहींना दिसतही नाही.

तिसरी जपानी डीव्हीडी. कव्हर सुंदर, कागद सुंदर, किंमत ऐकून चहा गार होईल, आणि इंग्रजी सबटायटल धरून चालू नका. जपानी येत नसेल तर ही शोकेसमध्ये ठेवायची वस्तू.

इथे एक घोळ कायम होतो. जपान आणि ब्रिटन दोन्ही रीजन २ आहेत, म्हणून लोकांना वाटतं की एकासाठी सेट केलेला प्लेअर दुसऱ्याला आपोआप चालेल. रीजन जुळतो हो, पण जपान एनटीएससी आणि ब्रिटन पाल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. रीजन म्हणजे परवानगीचं कुलूप, एनटीएससी-पाल म्हणजे चित्राची मांडणी: एनटीएससीत ४८० ओळी आणि सेकंदाला साधारण ३० फ्रेम, पालमध्ये ५७६ ओळी आणि २५ फ्रेम.

भारत डीव्हीडीसाठी रीजन ५. म्हणजे वरच्या तिन्हींपैकी एकही सेट आपल्या रीजनचा नाही, हे डोक्यात पक्कं बसवा आणि मगच पुढे जा.

ब्लू-रेला आकडे नाहीत, अक्षरं आहेत. अमेरिका आणि जपान दोन्ही ए, युरोप बी, भारत सी. त्यामुळे या मालिकांपैकी कुठलीही ब्लू-रेवर घेणार असाल तर आधी बॉक्सच्या मागचं षटकोनी चिन्ह बघा. त्यात ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर प्रश्न मिटला, एकच असेल तर तुमच्या प्लेअरला विचारा.

> तपासा: विक्रेत्याने फक्त पुढचं कव्हर दाखवलंय? मागच्या बाजूचा फोटो मागा. रीजनचा आकडा पृथ्वीच्या गोलाच्या चिन्हात असतो, एनटीएससी किंवा पाल हे खाली बारीक अक्षरात. फोटो देत नसेल तर पुढचा विक्रेता.

२. प्लेअरची व्यवस्था आधी, डिस्क नंतर

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं. डिस्कची ऑर्डर टाकायच्या आधी घरी रीजन १ ची कुठलीही एक डिस्क लागते का हे बघायचं. कुणाकडून तरी एखादी अमेरिकन डीव्हीडी उधार आणा, कार्टूनची असली तरी चालेल, लावून बघा.

*२.१ साधा डीव्हीडी प्लेअर असेल तर*

भारतात विकले गेलेले बरेच साधे प्लेअर सगळे रीजन घेतात, काही बॉक्समधून काढल्यापासूनच आणि काही रिमोटवर एक कोड दाबल्यावर. हा कोड मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून प्लेअरच्या मागचा मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटची एक-दोन अक्षरं सुद्धा, कारण तिथेच फरक असतो, आणि मग त्या नंबराने शोधा. साधारणपणे ट्रे रिकामा ठेवून सेटअप मेनूत जायचं, तिथे आकडे दाबायचे आणि एक लपलेला मेनू उघडतो.

त्यात शून्य म्हणजे सगळे रीजन. पण काही रीजन १ डिस्क शून्यावर ठेवलेला प्लेअर ओळखतात आणि जगाचा नकाशा दाखवून गप्प बसतात. अशा वेळी शून्य सोडून थेट १ करा. बऱ्याच जणांची डिस्क इतक्यावर चालू होते आणि ते उगाच ती परत पाठवायच्या तयारीत असतात.

त्याच मेनूत किंवा नेहमीच्या सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम असा पर्याय असतो. तो ऑटो किंवा मल्टी ठेवा. पालवर अडकवून ठेवला असेल तर अमेरिकन डिस्कचं चित्र उड्या मारतं नाहीतर काळंपांढरं येतं, आणि लोक म्हणतात डिस्क खराब. डिस्क ठणठणीत असते.

नवा घ्यायचाय तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आजूबाजूची दुकानं, किंवा तुमच्या गावातला जुना टीव्ही दुरुस्तीवाला. दुकानदाराला ‘मल्टिरीजन आहे का’ विचारलं की तो हो म्हणणारच, त्याचा काय दोष. म्हणून उधार आणलेली रीजन १ डिस्क सोबत न्या आणि काउंटरवर लावून दाखवायला सांगा. एचडीएमआय आउटपुट आहे ना तेही बघा, कारण बऱ्याच नव्या टीव्हींना लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जागाच उरलेली नाही.

> सावध: अमेरिकेहून प्लेअरच आणायचा विचार असेल तर त्याच्या मागचं लेबल आधी फोटोत बघा. १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो लावायचा नाही, धूर निघेल. आणि अमेरिकेचा प्लेअर फक्त रीजन १ घेईल, घरातल्या जुन्या मराठी सिनेमांच्या रीजन ५ वाल्या डिस्क त्यावर चालणार नाहीत.

*२.२ कॉम्प्युटर असेल तर*

नव्या लॅपटॉपला आता बहुधा ड्राइव्ह नसतोच, बाहेरून यूएसबीचा लागतो. विंडोज ८ पासून पुढे डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमध्ये आपसूक येत नाही, त्यामुळे डिस्क टाकली आणि काहीच झालं नाही म्हणून घाबरू नका, व्हीएलसी हे फुकट प्लेअर सॉफ्टवेअर टाका.

मोठा धोका वेगळाच आहे. डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, आणि हा आकडा ड्राइव्हच्या आतच साठतो. विंडोज नव्याने टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, काही करा, तो परत भरत नाही. पाचव्या बदलाला जो रीजन असेल तो कायमचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, डीव्हीडी रीजनच्या टॅबवर किती बदल शिल्लक आहेत ते दिसतं. आधी तो आकडा बघा, मगच कशालाही हो म्हणा. ‘रीजन बदलायचा का’ असं विचारणारी खिडकी आली की सवयीने ओके दाबणारे आपण सगळेच, आणि एका संध्याकाळी तीन बदल संपतात.

सरळ उपाय सांगतो: यूएसबीचा एक स्वस्त ड्राइव्ह घ्या, तो एकदाच रीजन १ वर लावा आणि परदेशी डिस्क फक्त त्यावरच बघा. त्याच्यावर मार्करने ‘१’ लिहून ठेवा. घरातल्या बाकी डिस्कसाठी दुसरा ड्राइव्ह किंवा प्लेअर. व्हीएलसी बऱ्याचदा रीजनकडे बघतही नाही, पण काही लॅपटॉपचे आतले ड्राइव्ह स्वतःच डिस्क वाचायला नकार देतात, तिथे व्हीएलसी काही करू शकत नाही.

ब्लू-रेसाठी हे सगळं विसरा. कुलूपबंद ब्लू-रे नुसत्या व्हीएलसीवर लागत नाही, परवाना असलेलं वेगळं सॉफ्टवेअर किंवा घरातला प्लेअरच लागतो.

*२.३ गेमिंग कन्सोल*

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स ज्या देशात विकला गेला तिथल्या रीजनचा असतो आणि रिमोटवरचे कोड त्याला लागू होत नाहीत. ‘कन्सोल आहेच की घरात’ या भरवशावर डिस्क मागवू नका.

> तपासा: या क्षणी तुमच्याकडे रीजन १ ची एक डिस्क पाच मिनिटं चालली का? रंग बरोबर, आवाज येतोय, चित्र स्थिर? हो असेल तरच टप्पा ३. नाही तर इथेच थांबा.

३. खरी डिस्क की डुप्लिकेट

‘न्वार’च्या डुप्लिकेट सेटनी बाजार भरलाय आणि ते इतके चकचकीत असतात की कधीकधी खऱ्यापेक्षा बरे दिसतात. कुठे बघायचं ते सांगतो.

डिस्कची संख्या पहिली. एडीव्हीच्या सात डिस्कवर २६ भाग, म्हणजे एका डिस्कवर सरासरी चारही भाग येत नाहीत. कोणी दोन किंवा तीन डीव्हीडीत अख्खी मालिका देत असेल तर चित्र चेपून चेपून कोंबलंय, काळोख्या प्रसंगात चौकोन चौकोन दिसणार, आणि या मालिकेत काळोखे प्रसंग किती आहेत ते नावावरूनच कळावं (फ्रेंचमध्ये ‘न्वार’ म्हणजे काळा).

दुसरी खूण म्हणजे मागे ‘ऑल रीजन’ लिहिलेलं आणि सबटायटलमध्ये चिनी भाषा. अमेरिकेच्या अधिकृत सेटवर चिनी सबटायटलचं काहीच कारण नाही. डुप्लिकेटमधलं इंग्रजीही बघण्यासारखं असतं, नायिका मिरेयचं नाव तीन भागांत तीन स्पेलिंगने.

तिसरी खूण डिस्कच्या पोटात. डिस्क उलटी करा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि मधल्या भोकाजवळची कडा बघा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी, आणि आतल्या कड्यात बारीक कोरलेले आकडे आणि आयएफपीआयची (कुठल्या कारखान्यात छापली ते सांगणाऱ्या कोडची) अक्षरं असतात. घरगुती कॉपी केलेल्या डिस्कला जांभळट झाक येते. आता कोरलेली अक्षरं आहेत म्हणून डिस्क खरीच असं छातीठोकपणे नाही म्हणता येत, डुप्लिकेटवालेही शहाणे झालेत, पण अक्षरंच नसतील किंवा खरवडलेली असतील तर पैसे देऊ नका.

आणि एक उलटी शंका, जी फार लोकांना येते. भाग चालू केला, गोळीबार झाला, धडाधड माणसं पडली, आणि रक्ताचा थेंब नाही. लगेच वाटतं की सेन्सॉर केलेली कॉपी गळ्यात मारली. तसं काही नाही, ही मालिका टीव्हीवरच रक्ताशिवाय दाखवलेली आहे. यावरून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका.

४. मागवणं आणि आणणं

दोन वाटा. कुरिअरने थेट, किंवा न्यू जर्सीहून दिवाळीला येणाऱ्या दादा-वहिनींच्या बॅगेतून.

कुरिअरने आणताना किमतीत कस्टम ड्युटी धरा, आणि ती नुसत्या डिस्कच्या किमतीवर बसत नाही, पाठवणीचा खर्चही त्यात मोजतात. कुरिअरवाले आधार किंवा पॅन मागतात, तो मेसेज फसवणुकीचा समजून बरेच जण दुर्लक्ष करतात आणि पार्सल गोदामात पडून राहतं. ट्रॅकिंग नंबर जुळवून बघा आणि कुरिअरच्या स्वतःच्या साइटवरूनच कागद द्या, मेसेजमधल्या लिंकवर नको.

विक्रेत्याला ‘पाकिटावर गिफ्ट लिही’ सांगायची जुनी युक्ती सोडून द्या. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून फुकटात सोडवायची सवलत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांनाच उरलीय. बाकी गिफ्टवर ड्युटी भरावीच लागते, वर खोटी किंमत लिहिली म्हणून पार्सल अडकायची भीती.

बॅगेतून येत असेल तर डिस्क हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. चेक-इनच्या सुटकेसमध्ये वर प्रेशर कुकरचं गॅस्केट, बदामाची पाकिटं आणि शाम्पू असला की डब्याच्या आतलं मधलं चाक तुटतं, मग डिस्क आत सैल फिरत अटलांटिक ओलांडते आणि स्वतःच स्वतःला खरवडून घेते. आणि ज्यांच्याकडून मागवताय त्यांना लिंक पाठवा, नाव तोंडी सांगू नका. ‘न्वार’ नावाचे सिनेमे आणि मालिका ढिगाने आहेत, वहिनी भलतंच काहीतरी घेऊन येतील आणि तुम्हाला हसून थँक्यू म्हणावं लागेल.

सुटे व्हॉल्यूम वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जमवणार असाल तर सगळ्यात दुर्मिळ दिसतोय तो आधी घ्या. पहिला व्हॉल्यूम सगळीकडे मिळतो, कारण लोक पहिला घेऊन थांबतात. अडतो तो शेवटचा किंवा शेवटून दुसरा. पहिले पाच घेऊन झाल्यावर शेवटचे दोन मिळत नाहीत, आणि कथा अशा ठिकाणी थांबते की झोप लागणार नाही.

> सावध: अमेरिकन आणि ब्रिटिश व्हॉल्यूम एकत्र करून सेट पुरा करू नका. रीजन वेगळा, फ्रेमचा वेग वेगळा, म्हणजे दोन वेगळ्या प्लेअरची भानगड.

५. पार्सल आल्यावर: बघायला बसू नका, आधी तपासा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा. डिस्क आली की माणूस पहिला भाग लावतो, दुसरी नायिका किरिका हिचा ईमेल पॅरिसला जातो, ते खिशातलं घड्याळ वाजतं, आणि झालं, तो अडकला. रोज एक भाग असा निवांत बघत सातव्या डिस्कपर्यंत पोचतो तेव्हा महिना उलटलेला असतो. परत द्यायची मुदत तोवर गेली.

त्यामुळे पहिली संध्याकाळ फक्त तपासणीची. क्रम असा:

१) पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, न थांबवता. सुरुवातीला पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे.

२) डबा उघडायच्या आधी हलवून बघा. आत खुळखुळ आवाज आला तर चाक तुटलंय, डिस्कची खालची बाजू लगेच बघा.

३) डिस्क काढताना मधलं बटण अंगठ्याने दाबा आणि ती आपोआप सुटू द्या. कडेला धरून खेचली की डिस्क धनुष्यासारखी वाकते आणि मधल्या भोकाला केसाएवढ्या चिरा पडतात. चिरा पडलेली डिस्क ड्राइव्हमध्ये जोरात फिरताना फुटू शकते, तेव्हा मधली कडा नखाने चाचपून बघा आणि चीर दिसली तर ती डिस्क लावूच नका.

४) मग तीच ट्यूबलाइट. डिस्क हळूहळू फिरवा. मधून बाहेर जाणारे सरळ ओरखडे फारसे त्रास देत नाहीत, गोल गोल मार्गाने जाणारे देतात, कारण लेझर त्याच मार्गाने वाचतो आणि एका ओरखड्यावर सलग किती तरी माहिती जाते. नंतर डिस्क दिव्याकडे धरून आरपार बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले किंवा कडेने तपकिरी ढग दिसला तर आतला थरच सडतोय, ते पुसून जाणार नाही.

५) आता डिस्क लावा. प्रत्येक भागाची सुरुवात, मध्य आणि शेवट, प्रत्येकी मिनिटभर. नुसता मेनू उघडला म्हणून डिस्क चांगली असं नसतं. कॉम्प्युटर असेल तर डिस्कचा पृष्ठभाग वाचून बघणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर लावून ठेवा, ते एकेक सेक्टर वाचून कुठे अडलं ते सांगतं, तुम्ही तोवर जेवून घ्या.

६) जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल दोन्ही चालू होतात ना, तेही प्रत्येक डिस्कवर.

एखाद्या भागात मध्येच चित्र अर्धा-एक सेकंद थबकलं आणि पुन्हा सुरळीत चालू झालं, आणि दर वेळी त्याच जागी, तर बहुतेक वेळा तो डिस्कचा एक थर संपून दुसरा सुरू झालेला असतो. तो बिघाड नाही. चित्र तुटून चौकोन होत असतील किंवा आवाज किरकिर करत असेल तर मात्र बिघाड.

पुसायचं असेल तर मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल नाही. फारच मळकी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मग नुसत्या पाण्याने धुणं, मग वाळवणं. टूथपेस्ट लावून ओरखडे जातात असं सांगणारे व्हिडिओ बघून हसा आणि पुढे जा.

> तपासा: सातही डिस्कवर टिक मारली? एखादीला फुली असेल तर आजच विक्रेत्याला व्हिडिओसकट कळवा, ‘बाकीच्या बघून मग सांगू’ नको.

६. टीव्हीचं सेटिंग

यावर लोक भांडतात पण मुद्दे थोडेच आहेत.

मालिका ४:३ मध्ये आहे, जुन्या चौकोनी टीव्हीसाठीची. तुमचा टीव्ही ती ताणून रुंद करतो, आणि मिरेयचा चेहरा फुगलेल्या पुरीसारखा दिसायला लागतो. टीव्हीचा आणि प्लेअरचा, दोन्हीकडचा आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) तपासा. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसले पाहिजेत. झूम करून पट्टे घालवाल तर वरून डोकी आणि खालून सबटायटल कापली जातील.

मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते बंद. नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस खाली आणा, नाहीतर प्रत्येक रेषेभोवती पांढरी कड येते.

आता कंगवा. कॅमेरा आडवा सरकताना चित्रातल्या रेषांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात का? मूळ चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं, एनटीएससीत बसवताना त्याची अर्धी-अर्धी चित्रं मिसळून ३० केलेली, म्हणून. माशिमोंना पॅरिसच्या इमारतींवरून सावकाश कॅमेरा फिरवायची फार हौस, त्यामुळे इथे ते जास्तच उठून दिसतं. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस चालू करा आणि मोडमध्ये फिल्म एनटीएससी निवडून बघा, तो नाही जमला तर याडिफ. चांगला प्लेअर असेल तर प्रोग्रेसिव्ह स्कॅन चालू करा, बाकीचं तो बघून घेईल.

काळोखातलं काहीच दिसत नसेल तर ब्राइटनेस वाढवत बसण्याआधी एचडीएमआयची ब्लॅक लेव्हल बघा. प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे सारखंच हवं, लिमिटेड तर लिमिटेड, फुल तर फुल. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर काळा कोट घातलेला माणूस काळ्या भिंतीत विरघळतो, किंवा उलट, रात्र राखाडी दिसते.

७. आवाज आणि सबटायटल

अमेरिकन डिस्क लावल्या लावल्या इंग्रजी डबच सुरू होईल, सबटायटलशिवाय. मूळ आवाज हवा असेल तर भाषेच्या मेनूत जाऊन जपानी आणि सबटायटल असं दोन्ही निवडा. एकच निवडून लोक वैतागतात. दर डिस्कला हे करायचा कंटाळा असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्येच ऑडिओ जपानी आणि सबटायटल इंग्रजी असं ठरवून ठेवा, बऱ्याच डिस्क ते मानतात.

सबटायटलच्या यादीत कधीकधी दोन इंग्रजी ट्रॅक असतात. एक पूर्ण संवादांचा, दुसरा डब बघणाऱ्यांसाठी फक्त पाट्या आणि गाण्यांचा. जपानी आवाजावर दुसरा लागला तर पाच मिनिटं कोणी काही बोललेलं कळत नाही आणि वाटतं सबटायटल गायब आहेत. रिमोटवरचं सबटायटल बटण एकदा अजून दाबा.

ट्रॅक ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) असेल आणि तुमच्याकडे टीव्हीचे दोनच स्पीकर असतील तर प्लेअरमध्ये स्टीरिओ किंवा डाउनमिक्स निवडा. नाहीतर बोलणं पुटपुटल्यासारखं येतं आणि युकी काजिउरांचं संगीत अंगावर येतं. त्यांचं ‘साल्वा नोस’ हे गाणं सुरू झालं की घरचे ‘आवाज कमी कर’ म्हणून ओरडतात ते वेगळं, तो सेटिंगचा दोष नाही.

> सावध: पुढच्या व्हॉल्यूमच्या मागचा मजकूर वाचू नका, मेनूत चॅप्टरची नावंही नको. क्लोए कोण हे कळायला वेळ आहे, तो वेळ जाऊ द्या. शेवटच्या गाण्यानंतरची पुढच्या भागाची झलकही पहिल्या वेळी टाळलेली बरी.

८. बघून झाल्यावर ठेवायचं कसं

कोकण, मुंबई, गोवा इथे डिस्कचा खरा शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डबे ठेवले की जून ते सप्टेंबरमध्ये कागदी कव्हरवर बुरशीचे ठिपके येतात आणि मग डिस्कवर. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर उत्तम, रंग बदलला की गरम करून परत वापरता येतात. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, त्यांच्या वाफा प्लास्टिकला आणि छपाईला चांगल्या नाहीत.

डबे उभे ठेवा, पुस्तकांसारखे. टीव्हीच्या वर, सेट टॉप बॉक्सच्या शेजारी, खिडकीच्या उन्हात नको. डिस्कवर स्टिकर चिकटवायचा नाही, नाव लिहायचं तर डब्यावर. चाक तुटलेला डबा असेल तर नवा रिकामा डबा स्वस्तात मिळतो, जुन्याचं कव्हर काढून त्यात सरकवा, ते जपूनच कारण खऱ्या सेटची ओळख तेच आहे, पुढे विकायची वेळ आली तर कव्हर नसलेल्या डिस्कला कोणी विचारत नाही.

कोणी मागायला आलं तर एका वेळी एकच व्हॉल्यूम द्या. तो परत आला की दुसरा. आणि देण्याआधी त्याच्या घरी रीजन १ चालतो का ते विचारा, नाहीतर तो तुमची डिस्क लावायला स्वतःच्या ड्राइव्हचे पाच बदल संपवेल आणि वर म्हणेल, तुझी डिस्कच खराब आहे.